जिन्याखालचा सुविचार

‘अतिक्रमण जागेचे असो वा मनाचे, त्याची सुरुवात लहानच असते.’

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले, तर फळ्यावर हे. पिवळा खडू, वळणदार अक्षर, खाली दोन सरळ रेघा आणि उजव्या कोपऱ्यात नेहमीचं ‘संकलन : म. वा. पांढरीपांडे’. फळ्याच्या बरोबर समोर, जिन्याखाली, माझ्या वेदिकाची बाबागाडी उभी होती. कडेवरच्या वेदिकाने पिवळी अक्षरं बघून टाळ्या वाजवल्या. अकरा महिन्यांच्या माणसाला सगळेच सुविचार आवडतात.

आमच्या इमारतीचं नाव सौहार्द. नागपूरच्या नरेंद्रनगरात आत वळलं की चार मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरचे पांढरीपांडे काका सोसायटीचे सचिव आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी फळा बसवून घेतला, आणि तेव्हापासून रोज सकाळी पोहे व्हायच्या आत सुविचार लागलेला असतो. आधी ते सूर्याबद्दल असत, समुद्राबद्दल असत, प्रयत्न आणि यश यांच्या जुन्या ओळखीबद्दल असत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार आवडायचं. शाळेत गेल्यासारखं वाटायचं.

मग फेब्रुवारीत बाबागाडी आली.

माझ्या आतेबहिणीची गाडी ही. तिची दोन मुलं तिच्यात वाढली. जुन्या वळणाची, लोखंडी दांड्यांची, दणकट. ती आली त्याच आठवड्यात फळा म्हणाला, ‘वस्तू जागच्या जागी असेल तर ती वस्तू, नाहीतर अडगळ.’ मी वाचलं आणि वर जाऊन वेदिकाचं कपाट आवरलं. खरंच आवरलं. मला तो सुविचार पटला होता. त्यानंतर काही दिवसांनी ‘मार्ग मोकळा तर मन मोकळे’ आलं, तेव्हा दुधाची पिशवी हातात धरून मी जरा जास्त वेळ उभी राहिले. मार्ग मोकळाच होता. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांपाशी एक रिकामा कोपरा आहे, गाडी तिथे असते. कुणाच्या पायात येत नाही.

आणि आता हे अतिक्रमण.

गाडी वर का नेत नाही? तर तिसरा मजला, कडेवर वेदिका, आणि पोटावरचा टाका अजून वातावरण बदललं की ओढतो. पुष्कर, माझा नवरा, सकाळी बुटीबोरीच्या बसने कारखान्यात जातो तो अंधार पडायच्या बेताला घरी येतो. सासू-सासरे यवतमाळला, माझी आई उमरेडला. घरात दिवसभर मी आणि वेदिका. आणि वेदिका दिवसा झोपत नाही. मांडीवर नाही, झोळीत नाही, कूलरपुढे नाही. चाक फिरलं तरच तिचे डोळे मिटतात.

म्हणून संध्याकाळी ऊन उतरलं की मी तिला गाडीत घालून कोपऱ्यावरच्या बागेत नेते. तिसऱ्या फेरीला तिची मान एका बाजूला कलते. खालचा ओठ झोपेतही दूध प्यायल्यासारखा हलत राहतो. मग मी कडुनिंबाखालच्या बाकावर बसते, एक पाय गाडीच्या दांडीवर ठेवून, हळूहळू हलवत. तेवढा तास मी कुणाची कुणी नसते. कधी वाचते, कधी वहीत काही खरडते, बरेचदा नुसती समोर बघते. तो तास आहे म्हणून मी उरलेले तेवीस धड राहते. आणि तो तास जिन्याखालच्या त्या कोपऱ्यावर उभा आहे. गाडी वर न्यायची झाली तर तो तास गेला.

त्या दिवशी वर जाताना दुसऱ्या मजल्यावरची वंदना भेटली. दारात बसून लसूण सोलत होती. ती आणि तिचा नवरा महाल भागात स्टेशनरीचं दुकान चालवतात. म्हणजे तो चालवतो आणि ही त्याला चालवते.

“पाहिलं का वं आजचं?” ती म्हणाली. “अतिक्रमण!”

“पाहिलं.”

“माह्यासाठी आहे तो. गच्चीवर पापड घातले ना काल. चार चादरी पसरल्या होत्या म्या. काका वर येऊन पाहून गेले, काही बोलले नाही. तवाच मले समजलं, उद्या फळ्यावर येते आता हे.”

“तुमच्यासाठी नाही हो ताई. माझ्यासाठी आहे. बाबागाडी.”

वंदनाने लसूण थांबवला. जरा हिरमुसलीच.

“तुह्यासाठी काहून? लहान सुरुवात असं लिहिलं आहे. चार चादरी म्हणजे लहान सुरुवात होय का?” मग तिला स्वतःचंच हसू आलं. “वरची पिंकी म्हणून राहिली होती का तिच्यासाठी आहे. पार्किंगमध्ये स्कूटी तिरपी लावते ना ते. तिनं तर सकाळीच गाडी सरळ लावली, बाप्पा.”

“म्हणजे सगळ्यांसाठीच आहे.”

“हाव. तेच तर. त्या माणसाले तोंडानं बोलायची हिंमत नाही, म्हणून फळ्याले बोलायले लावते.”

मी हसले. पण वर येऊन कणीक मळताना हसू टिकलं नाही. कुणी तोंडावर म्हणालं असतं, की बाई गाडी काढा, तर मी काही तरी म्हणाले असते. टाका दाखवला नसता, पण सांगितला असता. पण सुविचाराला काय म्हणणार? अतिक्रमण चांगलं असतं म्हणू? मार्ग अडवावा म्हणू? तो इतका बरोबर असतो की त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण चुकलेलेच असतो. शाळेत फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिलेलं असायचं, आणि ते वाचताना प्रत्येकीला वाटायचं की बाईंना आपलंच कळलंय.

पुष्कर आल्यावर त्याला सांगितलं. त्याने बूट काढले, पाणी प्यायला, वेदिकाला उचलून तिच्या पोटावर तोंडाने भुर्र केलं.

“अगं, सुविचार आहे तो. सुविचारात काय वाईट वाटून घ्यायचं?”

“तो माझ्यासाठी आहे.”

“नाव लिहिलंय का तुझं?”

“नाव लिहिलं असतं तर बरं झालं असतं.”

“मग झालं तर. नाव नाही ना! तू फार विचार करतेस, मुग्धा. दिवसभर घरात असलं की असं होतं.”

मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. जरा आवाज झाला. वेदिका दचकली, तिची मी मनातल्या मनात माफी मागितली. त्याची नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आम्ही दोघी खाली उतरलो. तिला फ्रॉक घातलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. चार केसांचा भांग, पण पाडलेला. जिन्याखाली गाडी नव्हती.

ती बाहेर होती, पार्किंगच्या उघड्या भागात. छपराच्या बरोबर एक हात पलीकडे. दुपारभर नागपूरच्या मे महिन्यात. मी गादीला हात लावून पाहिला, गरम होती, पण बसण्यासारखी वाटली. टॉवेल अंथरला. वेदिकाला बसवलं, पट्टा लावला. पट्ट्याचं बक्कल लोखंडी आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

तिचा तो आवाज मी याआधी ऐकला नव्हता. रडण्याच्या आधी एक श्वास लागतो ना, तो फार लांब गेला. मांडीवर लाल चौकोन उठला. मी तिला तशीच उचलून पळत वर गेले, नळाखाली पाय धरला. पाणीही टाकीतलं, तेही गरम. शेवटी माठातलं पाणी फडक्यावर घेऊन लावत बसले. फोड आला नाही. रात्रीपर्यंत लाली गेली. पण ती संध्याकाळभर जागीच राहिली, आणि मीही. मांडीवर ती हुंदके देत होती, मध्येच हुंदका विसरून माझ्या बांगडीशी खेळत होती, मग परत आठवून हुंदका देत होती.

ती जरा शांत झाल्यावर मी तिला घेऊन खाली गेले आणि काकांची बेल वाजवली. काकांनी दार अर्धं उघडलं. पांढरा शुभ्र बनियन, कपाळाला गंध. मागे सुमतीकाकू उभ्या.

“गाडी उन्हात कुणी ठेवली, काका?”

“सामाईक जागा मोकळी केली, इतकंच.”

“तुम्ही ठेवली?”

“हे पाहा, मुग्धाताई, प्रश्न व्यक्तीचा नसतो, तत्त्वाचा असतो.”

“हिची मांडी भाजली. हे बघा.”

काकांनी बघितलं. त्यांचा चेहरा हलला, ते मला दिसलं. पण तोंडातून जे आलं ते असं, “लहान मुलांच्या बाबतीत सदैव सावध राहावं.”

फळा. माणूस बोलतानाही फळाच बोलत होता.

“मला काही सांगायचं असेल तर मला सांगा ना. रोज फळ्यावर कशाला?”

“मी कुणाचं नाव घेतलंय का? जो तो आपल्या मनाप्रमाणे अर्थ घेतो. सुविचार सर्वांसाठी असतो.” आणि दार लागलं. आपटलं नाही. हळूच, सभ्यपणे लागलं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी गाडी परत जिन्याखाली आणली. फळ्याच्या चौकटीवर खडू ठेवलेला असतो. मी वेदिकाला डाव्या कडेवर सरकवलं, उजव्या हाताने त्या दिवशीचं काहीतरी ‘मौनाचे महत्त्व’ पुसून टाकलं, आणि लिहिलं.

‘ज्याने कधी ओझे उचलले नाही, त्याने जागा मोजू नये.’

लिहून झाल्यावर खडू परत चौकटीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला इतकं लागट बोलले होते. वाटलं, उद्या सकाळी इमारत हादरेल. काका वर येतील, किंवा काकू येतील, किंवा निदान सगळे जिन्यात गप्प होतील. भांडण होईल. होऊ दे. भांडण झालं की काहीतरी ठरतं.

सकाळी फोन पाहिला तर सोसायटीच्या ग्रुपवर फळ्याचा फोटो. टाकणारी पिंकी. खाली लिहिलेलं, ‘आजचा सुविचार एकदम भारी, काका!’ त्याखाली हात जोडलेले, फुलं, टाळ्या. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘चिंतनीय.’ कुणीतरी तो आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर पाठवल्याचंही कळवलं होतं.

मी वेदिकाला घेऊन खाली धावले. वाक्य तसंच होतं. फक्त माझ्या अक्षरांखाली पिवळ्या खडूने दोन सरळ रेघा मारलेल्या होत्या, आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘संकलन : म. वा. पांढरीपांडे’.

त्यांना कळलंच नव्हतं, की कळून त्यांनी असं केलं होतं? मला अजून सांगता येत नाही. पण माझा राग त्यांनी ओढून नेला होता आणि रोजच्या रांगेत बसवला होता. सूर्य, समुद्र, प्रयत्न, आणि मी.

वर जाताना वंदना दारातच.

“काय लिहिलं वं काकानं आज! म्या आमच्या ह्याले ओढत नेलं वाचायले. म्हटलं, वाचा. सिलिंडर मी उचलते, तांदळाचा कट्टा मी उचलते, अन् तुम्ही सोफ्यावर कितीक जागा लागते ते मोजता. वाचल्यावर स्वतः कचरा खाली नेला.”

“ताई, तो मी लिहिला.”

“काय लिहिला?”

“सुविचार. काकांना लागावा म्हणून.”

वंदना तोंडावर पदर घेऊन जी हसायला लागली. “काकाले? अवं, काकाले कायचं लागते! तू आमच्या ह्याले लावून दिला. चांगलाच लागला. असे अजून लिही.”

संध्याकाळी पुष्कर आला. डब्याची पिशवी खांद्याला. जिन्यावरूनच बोलत आला.

“आज सुविचार मस्त होता गं. वाचलास?”

“वाचला.”

“ओझं आणि जागा. वा. बसमध्ये मी सांगितला सगळ्यांना.”

“मी लिहिला.”

“तू?” त्याला खरंच कौतुक वाटलं. “छान लिहितेस की! कुणाला उद्देशून होता?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कौतुकाने उभा होता, हात रिकामे, आणि वेदिका माझ्या कडेवर, दुसऱ्या हातात माझ्या वरणाची पळी. त्याच्या मनात एवढासाही संशय नव्हता. मग मी पळी त्याच्या हातात दिली, वेदिकाही दिली, आणि आत जाऊन दार लावून पलंगावर पडले. ऐकू येत होतं, तो तिला म्हणत होता, “आईला काय झालं गं?” ती त्याला सविस्तर सांगत होती, तिच्या भाषेत. तिने तरी नीट सांगितलं असेल.

पडल्या पडल्या मला वाटलं, चूक वाक्यात नव्हती. वाक्य चांगलंच होतं. चांगलं होतं हेच चुकलं. त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं, कुणाचा पत्ता नव्हता, मांडीवरचा लाल चौकोन त्याच्यात कुठे नव्हता. इतकं चांगलं वाक्य कुणाच्याही घरी राहायला जातं.

दुसऱ्या दिवशी काका बाहेर यायच्या आत मी गेले. सगळा फळा पुसला, ओल्या फडक्याने. आणि लिहिलं.

‘ही बाबागाडी वेदिकाची आहे. ती रोज जिन्याखालीच राहील. उन्हात ठेवू नये. बक्कल तापतं, तिची मांडी भाजली. – मुग्धा, तिसरा मजला.’

अक्षर सरळ आलं नाही. शेवटचा शब्द चौकटीत जेमतेम मावला.

भाकरी थापेपर्यंत ग्रुप पेटला होता. ‘फळा वैयक्तिक कामासाठी नाही याची नोंद घ्यावी.’ ‘आज सुविचार नाही का?’ ‘अशा गोष्टी आपसात मिटवाव्यात.’ कालचे चिंतनीयवाले डॉक्टर म्हणाले, ‘खेदजनक.’ वंदना स्वतः वर आली.

“हे काय करून ठेवलं वं? भांडण दिसून राहिलं ते.”

“मग काल काय होतं?”

“काल तर सुविचार होता!”

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण खालून काकांचा आवाज आला. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ते माझं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारत होते. या इमारतीत राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

“मुग्धाताई! खाली या!”

मी पिठाच्या हाताने वेदिकाला उचलून उतरले. मागे वंदना. काका फळ्यापाशी उभे होते, डस्टर हातात, पण पुसलेलं नव्हतं. त्यांच्या दारात सुमतीकाकू.

“हे काय आहे?”

“वाचता येतं तुम्हाला.”

“फळा चांगल्या विचारांसाठी आहे. हा विचार आहे का?”

“नाही. ही गाडी आहे.”

“असं नाव घालून, चव्हाट्यावर...”

“काहून काढली तुम्ही गाडी उन्हात?” माझ्या तोंडून उमरेडच निघालं. “लेकरू भाजलं माझं. मी तुमच्या दारात येऊन दाखवलं तर तुम्ही मला सावध राहा म्हणता! कोणाला त्रास होते त्या गाडीचा? कोण अडकून पडलं? सांगा ना, एक माणूस सांगा!”

“ती जागा सामाईक...”

“एक माणूस सांगा!”

“ती माझी जागा आहे!” काका ओरडले.

वेदिकाने त्यांच्याकडे मोठ्या डोळ्यांनी पाहिलं. आवाजाची तिला भीती वाटली नाही, नवल वाटलं.

काका स्वतःच दचकले असावेत. डस्टर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग सुमतीकाकू दारातून म्हणाल्या, “दुपारी तिथे खुर्ची टाकून बसायचे ते. कधीचे. वारा येतो तिथे मागच्या जाळीतून, इमारतीत दुसरीकडे कुठे येत नाही. चार वाजले की खुर्ची आत आणून ठेवायचे, म्हणून तुला दिसली नसेल.”

मी दुपारी कधीच खाली उतरत नव्हते. गाडी आणली तेव्हा कोपरा रिकामा होता, तो मी भरला.

“घरात कूलर आहे ना?” वंदनाने विचारलं.

“कूलर आहे. पण मीही आहे,” काकू म्हणाल्या. “यांना दुपारी कुणी नको असतं. कुणीच. पेपर वाचतात, डुलकी काढतात, उद्याचा सुविचार जुळवतात. गाडी आली तेव्हापासून पलंगावर नुसते कूस बदलत असतात, आणि मला आमटीत मीठ जास्त झालं हेसुद्धा म्हणींमधून ऐकावं लागतं.”

“सुमती, पुरे.”

“मग सांगायचं होतं तिला. मी म्हटलं होतं, सांगा.”

“मग सांगितलं का नाही?” मी विचारलं. आवाज अजून खाली आला नव्हता. “इतके दिवस फळ्यावर लिहिलंत. ‘मला तिथे बसायचं असतं’ एवढं एक वाक्य नाही लिहिलंत.”

“काय लिहू?” काका म्हणाले. “म्हाताऱ्याला खुर्ची टाकायचीय म्हणून तान्ह्या मुलीची गाडी काढा, असं लिहू? ते शोभतं का?”

“आणि गाडी उन्हात ढकललेली शोभते?”

त्यांनी वेदिकाच्या मांडीकडे पाहिलं.

मला त्यांचं वाईट वाटलं. दुपारचा एक कोपरा, कुणी हाक न मारणारा, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण वाईट वाटलं म्हणून जागा देता येत नाही.

“काका, मी जागा देऊ शकत नाही,” मी म्हटलं. “गाडी वर नेणं मला जमत नाही, ऑपरेशन झालंय माझं. बाहेर ठेवली तर ती तापते. आणि गाडी नसेल तर ही झोपत नाही, आणि ही झोपली नाही तर मी वेडी होईन. खरंच होईन.”

“मग निदान घडी करून उभी तरी ठेवत जा,” काका चिडून म्हणाले. “अख्खी पसरून ठेवायची काय गरज आहे? घडी केली तर माझी खुर्ची बसते शेजारी. मी मोजलंय.”

“घडीला दोन हात लागतात. खाली एक कळ दाबायची, वर दांडी ओढायची, दोन्ही एकाच वेळी. बागेतून आले की ही झोपेत माझ्या खांद्यावर असते. एक हात तिला लागतो. सांगा, तिसरा कुठून आणू?”

“जमिनीवर ठेवायचं क्षणभर.”

“कुठे? मीटरच्या पेट्यांखाली? झोपलेल्या पोरीला?”

“नाही, तसं नाही म्हणत मी.” काकांनी डस्टर फळ्याच्या चौकटीवर ठेवलं. परत उचललं. “मग काय करायचं म्हणता?”

मी काही म्हणतच नव्हते. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, वर तव्यावर भाकरी जळत होती तेवढं होतं. पण ते समोर उभे होते, दोन्ही हात असलेले, दिवसभर घरी असलेले.

“धरा हिला,” मी म्हटलं.

“मी?”

“धरा.”

आणि मी वेदिकाला त्यांच्याकडे दिली. त्यांनी डस्टर टाकलं, आणि गरम पातेलं धरावं तशी तिला दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरली. तिचे पाय हवेत. ती रडेल असं वाटलं. पण तिने त्यांच्या कपाळाचं गंध पाहिलं आणि त्यावर बोट टेकवून पाहिलं.

“अहो, जवळ घ्या, जवळ!” काकू दारातून ओरडल्या. “बादली आहे का ती?”

“पडेल.”

“लांब धरली तरच पडंल, काका,” वंदना म्हणाली.

मी खाली वाकून कळ दाबली, वर दांडी ओढली. गंज चढला होता. दोनदा नुसती करकरली, तिसऱ्यांदा खटकन घडी झाली. मी ती भिंतीला टेकवून उभी केली. काकू आतून लाकडी खुर्ची घेऊन आल्या आणि शेजारी ठेवली. बसली. एक पाय मीटरच्या पेटीला घासत होता, पण बसली.

“पाय लांब करता येणार नाहीत,” काका वेदिकाच्या डोक्यावरून बघत म्हणाले.

“मलाही गाडी काढायला रोज खुर्ची सरकवावी लागेल,” मी म्हटलं.

“चारनंतर खुर्ची आत असते.”

“मी साडेपाचला उतरते. तुम्ही दार उघडायचं आणि हिला धरायचं, मी गाडी उघडेपर्यंत. परत आले की पुन्हा.”

“दोनदा?”

“दोनदा.”

“माझी संध्याकाळची पूजा असते.”

“मी बेल वाजवीन. तोवर उरकून घ्या.”

त्यांना हे अजिबात आवडलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. झोपलेल्या वेदिकाला रोज या माणसाच्या हातात द्यायचं, तिची झोप मोडली की माझा राग परत येणार, त्यांना काहीतरी थोर वाक्य सुचणार. मांडी भाजलेली माझी मुलगी त्यांच्या बनियनच्या बाहीला लोंबकळत होती आणि ते मान मागे घेऊन तिच्या बोटांपासून चष्मा वाचवत होते.

“ही रोज असंच करते का?” त्यांनी विचारलं.

“रोज,” मी म्हटलं. “पाठ धरा नीट. हात खाली घ्या. अजून खाली. हं, असा.”